उभ्यानं घेतलेलं माप

मी पँट शिवणारा माणूस. शर्ट, सफारी, ब्लाउज यांच्या वाटेला मी कधी गेलो नाही. औरंगपुऱ्यातल्या एका बोळात, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला बाहेर थांबावं लागेल एवढ्या दुकानात, मी पस्तीस वर्षं फक्त पँटी शिवल्या, आणि चांगल्या शिवल्या. हे सांगायला मला संकोच नाही. संकोच वाटावा असं पुढं पुष्कळ आहे.

आता नवं कापड घेऊन कुणी येत नाही. येतात त्या विकतच्या जीन्स, लांबी कमी करायला. माणूस मोठ्या दुकानातून चकचकीत पिशवीत पँट आणतो आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभा राहतो, कारण ती त्याच्यासाठी शिवलेलीच नसते. कुणा परक्या सरासरी माणसासाठी ती शिवलेली असते. त्यामुळं माझी अशी समजूत पक्की झाली, की विकतची पँट म्हणजे कच्चा माल आणि तिला पुरी करायचा हक्क माझा. गिऱ्हाइकांनी ही समजूत पोसली. कुणी कधी विचारलं नाही, की मुळात ती तशी का शिवली असेल. मीही विचारलं नाही.

माप घ्यायची रीत माझ्या वडिलांची. त्यांनी धंदा वैजापूरला एका मास्तरच्या हाताखाली शिकून घेतला. गावात पहिल्यांदा इस्त्रीची पँट घालून ते चावडीपुढून चालले तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, "कुणाच्या लग्नाला निघालास रं?" वडील थांबले नाहीत, पण तो प्रश्न त्यांनी मरेपर्यंत जपून ठेवला. त्यांच्या गिऱ्हाइकांत बरेच जण असे होते, ज्यांच्या बापजाद्यांना गावात ताठ उभं राहायची सोय नव्हती. वडील टेप गळ्यात टाकून आधी म्हणायचे, "मान वर कर. सरळ उभा राहा." माणूस सरळ झाला की मगच टेप लावायचे. पोक काढून उभ्या राहिलेल्या माणसाचं माप त्यांनी कधी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. बसलेल्या माणसाचं माप तर आमच्या घराण्यात कुणीच घेतलं नव्हतं.

माझी मुलगी बिडकीनला कारखान्यात इंजिनियर आहे. तयार झालेले सुटे भाग तपासायचे आणि एखादा नापास झाला तर तो का नापास झाला हे शोधायचं, हे तिचं काम. कंपनीची बस तिच्या वेळेला जुळत नव्हती, म्हणून तिनं मोटरसायकल घेतली. स्कूटी घे म्हणालो, तर म्हणाली, "पप्पा, पैठण रोडला ट्रकच्या वाऱ्यानं स्कूटी हलते." हेल्मेट ती घालायचीच. मग जॅकेट आणलं. त्या उन्हाळ्यात तिच्याबरोबरची एक मुलगी गाडीवरून घसरली आणि मांडीपासून पोटरीपर्यंत सोलून निघाली. तिला दवाखान्यात भेटून आल्यावर मुलीचं ठरलं, की गाडीची पँट घ्यायची.

"तुम्ही पण चला," ती म्हणाली. "पँट आहे ना, तुमच्याशिवाय कसं?"

मला किती बरं वाटलं ते सांगत नाही. नोकरीला लागल्यापासून तिनं माझ्या हातची पँट घातली नव्हती.

दुकान जालना रोडला होतं. दुकानदार तिशीतला, दाढीवाला, बोलायला गोड. मध्यभागी त्यानं एक जुनी मोटरसायकल स्टँडवर लावून ठेवली होती, नंबरप्लेट नसलेली. मला वाटलं शोभेला ठेवली असेल. मुलीच्या अटी ऐकून तो हसला. तिला ती पँट घालून घरून निघायचं होतं, कारखान्यात दिवसभर वावरायचं होतं, कॅन्टीनला जेवायचं होतं, साहेबांपुढं मीटिंगला बसायचं होतं आणि येताना टपरीवर चहा प्यायचा होता. तिथं जाऊन कपडे बदलायला जागा नव्हती आणि वेळही नव्हता. त्यानं आधी चामड्याची दाखवली. मी म्हणालो, मे महिन्यात ही घालून बिडकीनला पोचेपर्यंत पोरगी शिजून निघेल. मग जाळीची दाखवली. तिच्यात वारा खेळत होता, पण गुडघ्यावर, मांडीवर, कमरेला इतके जाड फुगवटे लावलेले की मुलगी आरशात बघून म्हणाली, "ही घालून मीटिंगला बसले तर मलाच नापास करतील."

शेवटी जीन्ससारखी एक निघाली. वरून साधी, काळपट राखी. आतून पिवळ्या धाग्याचं अस्तर, रस्त्यावर घासलं तरी लवकर फाटत नाही असं. गुडघ्याला आतल्या बाजूनं खिसा, आणि खिशात पॅड. पॅड चतकोर भाकरीएवढं, हातात धरलं तर मऊ आणि आपटलं तर टणक. मी शिलाई उलटी करून बघितली. दुहेरी टीप, सरळ, कुठं धागा सुटलेला नाही. काम नावं ठेवण्यासारखं नव्हतं, आणि तेही मी नावं ठेवायला टपलेलो असताना.

मुलगी ती घालून बाहेर आली, खाली फरशीवर मांडी घालून बसली, उठली, उकिडवी बसली, पुन्हा उठली. दोन गिऱ्हाइकं बघत राहिली. मी मात्र तिच्या गुडघ्याकडं बघत होतो. उभी राहिली की पॅड गुडघ्याच्या खाली नडगीवर येत होतं, चांगलं चार बोटं. मी म्हणालो, "हे खाली बसलंय. बांधणीतच चूक आहे."

दुकानदारानं तिला त्या जुन्या गाडीवर बसवलं. "चचा, अब देखो."

ती बसली, पाय फूटरेस्टवर ठेवले, आणि पॅड बरोबर गुडघ्याच्या वाटीवर आलं.

"ये खडे आदमी की पँट नै है चचा," तो म्हणाला. "गाडी पे बैठे आदमी की है. इसको खडे खडे नक्को देखो."

मी म्हणालो, "पस्तीस साल से पँट सी रहा हूँ."

"हौ, दिखताच है," तो म्हणाला. "फिर भी."

त्या 'फिर भी'चा मला राग आला. पँट मात्र घेतली.

पंधरा दिवसांनी मला तिच्या कपाटात ती दोन पॅडं दिसली. पँट अंगावर होती, पॅडं कपाटात. मी विचारलं तर म्हणाली, जिना चढताना नडगीला लागतात, आणि कॅन्टीनमध्ये एकानं विचारलं, पायात आंबे लपवून आणलेस का. तेव्हापासून ती काढूनच ठेवते.

"मग साधी जीन्स काय वाईट होती?" मी म्हणालो. "गुडघा फुटल्यावर आंबे म्हणणारा येणार हाय का?"

"दिवसभर मी चालत असते पप्पा. गाडीवर पाऊण तास. तुम्हीच सांगा काय करू."

"पॅड काढायचं नाय. दुकानात ये, मी वर घेतो."

ती दुसऱ्या दिवशी आली. मी तिला आरशापुढं उभं केलं आणि वडिलांच्याच सुरात म्हणालो, "सरळ उभी राहा." वाटीवर बोट ठेवलं, खडूनं फुली मारली, दोन्ही पायांना. खिसे उसवले, चार बोटं वर घेतले, दुहेरी टीप मारली, कंपनीच्या शिलाईला शोभेल अशी. पॅडं घातली. ती बोळातून चालून आली, शेजारच्या दुकानाच्या पायऱ्या चढली, उतरली.

"कळतच नाय आत काही आहे म्हणून," ती म्हणाली. "भारी झालंय."

तिची गाडी दारातच उभी होती, तीन पावलांवर. बसवून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. मग ती गाडीवर बसून निघालीच. मी दारात उभा राहून बघत होतो. गुडघे वाकले तसं कापड वर सरकलं आणि पँटचा बॉटम बुटाच्या वर गेला. मी काय विचार केला असेल? लांबी अर्धा इंच जास्त असती तर बरं झालं असतं. कापड वर सरकताना माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्याच्याबरोबर खिसाही सरकला असेल हे पस्तीस वर्षांच्या कारागिराच्या डोक्यात आलं नाही.

पुढं चार महिने ती रोज ती पँट घालून गेली. पॅडं आत आहेत ना, हे मी अधूनमधून विचारायचो. ती म्हणायची, व्हय पप्पा, आहेत.

पावसाळा संपल्यावर एका सकाळी बिडकीनच्या अलीकडं वळणावर कुठल्या तरी टिपरमधून खडी सांडलेली होती. वेग फार नव्हता. गाडी डावीकडं पडली आणि ती डाव्या गुडघ्यावर. बाकी कुठं खरचटलंही नाही, अस्तरानं आपलं काम केलं. वाटीचे तीन तुकडे झाले.

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो दाखवला आणि तिला विचारलं, "गुडघ्याला पॅड नव्हतं का?"

"होतं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी फोटो परत पाकिटात सरकवला. त्यांना वाटलं असेल, पोरगी घाबरून खोटं बोलतेय.

नर्सनं पँट प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली. डावा पाय खालपासून मांडीपर्यंत कात्रीनं कापलेला, शिलाईच्या दोन बोटं बाजूनं. शिलाईवरून कापला असता तर जोडायला सोपा गेला असता, असं मला त्याही वेळी वाटलं. माणसाचा धंदा कधीकधी माणसाआधी बोलतो. मी पिशवी घेऊन दुकानात आलो आणि पँट टेबलावर पसरली. रस्त्याला घासल्याची पांढरट खूण गुडघ्याच्या जागी होती. पॅड तिच्या वर, चार बोटं, नव्यासारखं. त्याच्यावर एक ओरखडा नव्हता. मी तो कापलेला पाय माझ्याच पायाभोवती गुंडाळला, स्टुलावर बसलो आणि गुडघा वाकवला. पॅड मांडीवर चढलं. वाटीवर नुसतं कापड राहिलं.

मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि तिथंच बसून रडलो. मग पँट पिशवीत घालून माळ्यावर टाकली.

घरी बायको त्या दुकानदाराला शिव्या देत होती. "मेल्यानं कसली पँट गळ्यात मारली. लई गोड बोलत हुता म्हनं." तिनं माझ्याकडं बघितलं. मी "हूं" म्हणालो. तेवढंच. पण ते "हूं" एकदा म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी वेगळं काही बोलणं अवघड झालं, आणि आठवड्यानंतर अशक्य झालं. मी स्वतःला समजावत होतो, की तिनं पॅडं काढूनच ठेवली होती, मी नसतो तरी गुडघा उघडाच असता. हे खरं आहे. पण पॅडं काढून ती गाडीवर बसली असती तर तिला माहीत असतं की गुडघा उघडा आहे. मी शिवून दिल्यावर ती निर्धास्त बसली.

एक ऑपरेशन झालं, मग दुसरं. रोज एक बाई येऊन तिचा पाय वाकवायची आणि मुलगी उशीचं टोक दातात धरायची. मी त्या वेळी दुकानात जायचो, दुकानात काम नसलं तरी. गुडघा थोडा वाकू लागला आणि मग तिथंच थांबला. खुर्चीवर बसली तर डावा पाय पुढं पसरलेला राहतो. डॉक्टर म्हणाले, यापुढं फार आशा धरू नका. मोटरसायकलचा गिअर डाव्या पायानं टाकतात. गाडीवर आम्ही ताडपत्री टाकली.

काठी सोडून चालायला लागल्यावर ती एका रविवारी म्हणाली, "ती पँट कुठाय? मला त्या दुकानात जायचंय. मग नेटवर लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाचं असं नको व्हायला. आणि तुम्ही पण चला. शिलाईतलं तुम्ही बोला, तुमच्यापुढं तो काय बोलेल?"

मी माळ्यावरून पिशवी काढली. रिक्षात ती शेजारी पाय लांब करून बसली होती आणि पिशवी माझ्या मांडीवर होती. क्रांती चौकाचा सिग्नल लागला तेव्हा मी बोलायचं ठरवलं, आणि सिग्नल सुटला.

दुकानदारानं तिचा पाय बघितला आणि खुर्ची पुढं केली. तिनं शांतपणे सगळं सांगितलं, कारखान्यात सांगत असेल तसं, क्रमानं. त्यानं पिशवीतून पँट काढली, उलटी केली, खिशाच्या कडेवरून अंगठा फिरवला. खाली जुन्या टिपेची भोकं ओळीनं दिसत होती. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी आरशाकडं बघितलं.

"दीदी, ये पॉकेट कौन खोला?"

"पप्पांनी," ती म्हणाली. "फक्त थोडं वर घेतलं. चालताना लागत होतं म्हणून."

त्यानं पँट तिच्यापुढं ठेवली. माझ्यावर ढकलायला त्याला एक वाक्य पुरलं असतं. तो म्हणाला, "चाय बोलता मैं," आणि बाहेर गेला.

तिनं पँट हातात घेतली. एक बोट जुन्या भोकांवर ठेवलं, एक माझ्या टिपेवर. मग ती मधोमध उभ्या असलेल्या त्या जुन्या मोटरसायकलकडं बघत बसली. नापास मालाचं कारण शोधणारी पोरगी ती, तिला किती वेळ लागणार?

"तुम्हाला माहीत होतं?"

मी मान हलवली.

"कधीपासून?"

"दवाखान्यातून पिशवी आणली त्या दिवसापासून."

चुकलात का, असं तिनं विचारलं नाही. चुका तिला रोज दिसतात. ती म्हणाली, "आई त्याला पाच महिने शिव्या देते. तुम्ही ऐकत होतात." मी कबूल केलं असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी कबूल केलं नाही, मी सापडलो. चहा आला, तो कुणीच प्यायला नाही. निघताना तिनं दुकानदाराची माफी मागितली, ती खरं तर मी मागायला हवी होती.

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. जेवायला चला. रिक्षा आली. बायकोला तिनंच सांगितलं असावं, कारण बायकोनं शिव्या बंद केल्या आणि माझ्याकडं बघणंही कमी केलं. दुकानात लोक जीन्स घेऊन यायचेच. लांबी कमी करायला टेप लावायचो आणि म्हणायचो, "जरा बसून दाखवा." गिऱ्हाइकं हसायची.

दोन महिन्यांनी तिनं एक जुनी स्कूटी घेतली. कंपनीनं तिच्यासाठी बसची वेळ जुळवून दिली होती, पण बसच्या थांब्यापर्यंत जायला गाडी हवीच. पुढच्या मोकळ्या जागेत डावा पाय लांब ठेवता येतो. ती गाडी घेऊन ती बोळात आली आणि पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. मी पिशवी ओळखली.

"ही शिवून द्या."

"दुसऱ्याकडं दे," मी म्हणालो. "मी नाय हात लावत."

"दुसऱ्यानं पण उभ्यानंच माप घेतलं तर?"

मी दोन दिवस घेतले. कापलेला पाय आतून पट्टी लावून जोडला. एवढं हळू मी उमेदवारीतही शिवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती पँट घालून आली आणि मी काही म्हणायच्या आधीच बोळात जाऊन स्कूटीवर बसली. मी टेप आणि खडू घेऊन बाहेर आलो आणि तिच्या पायाशी जमिनीवर गुडघे टेकले. शेजारचा दुकानदार बघत होता. बघू दे म्हटलं.

आधी उजवा पाय घेतला. तो नीट वाकला, कापड वर सरकलं, मी वाटी चाचपली आणि फुली मारली. फुली कंपनीच्या जुन्या भोकांवर पडली, एक सूतही इकडं तिकडं नाही.

मग डावा. तो पुढं पसरलेला होता. कापड सरकलंच नाही. मी वाटी चाचपली. हाताला ती सपाट लागत नाही, मधे ऑपरेशनच्या तारेची गाठ लागते. फुली मारली आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं. खडू माझ्याच टिपेला लागून उमटला होता. आरशापुढं उभं करून मी जिथं खिसा शिवला होता, बरोबर तिथं.

मी पुन्हा टेप लावली. तिनं वाकून बघितलं. तिलाही दिसलं.

"डाव्याचं राहू द्या," ती म्हणाली. "आता ते तिथंच बरोबर आहे."

ती आत जाऊन पँट बदलून आली. मी उजव्या पायाचा खिसा उसवायला घेतला.